पालेगावातून आमची फियाट गेली तेव्हा

अंबरनाथकरांनो, आज दुपारी आमची जुनी फियाट बिल्डिंगखालून गायब झाली.

ही गाडी आम्ही कधी लॉक केली नाही. चावीसुद्धा आतच असायची. चोक किती ओढायचा, ॲक्सिलरेटर किती दाबायचा, ते फक्त बाबांना जमायचं. "कोणाच्या बापाकडून सुरू व्हायची नाही," असं ते सोसायटीभर सांगायचे.

गेल्या आठवड्यात मीच हट्टाने उल्हासनगरला चोकवाला कार्बोरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवून घेतलं. आता चोक नको, चावी फिरवली की गाडी चालू. म्हणजे चोरालाही चालू!

बाबा डोकं धरून बसले. मी पोलीस स्टेशनला निघणार, तेवढ्यात आईचा फोन आला.

"अरे, चामटोलीला मावशीकडे आलेय. फियाट घेऊन."

बाबांनी फोन हिसकावला. "तुला चालवता येते?"

"विसरलात होय? लग्नाआधी भावाची जीप चालवायचे मी. ही तेवढी माझ्याकडून सुरू होत नव्हती."

संध्याकाळी आई परतली. चावी तिच्या पर्समध्ये आहे.

सांगा आता, ती मागायची कोणी?