आत्याबाईंचा ग्राफ

अंधेरीच्या एका स्टुडिओत मी मालिकेचे संवाद लिहितो. मालिका रोजची, त्यामुळे किस्सेही रोज साठतात. सांगायला मात्र सुट्टी लागते. त्यातले बरेचसे कमलताईंचे. मूळच्या मालवणच्या, आमच्या मालिकेत नायकाची आत्या.

*

लग्नाचा सीन होता. प्रॉडक्शन सांभाळणाऱ्या म्हात्रेने खर्च वाचवायला पाहुणे निम्मेच बोलावले. वरपक्षाचा शॉट संपला की त्याच माणसांना फेटे बदलून वधूपक्षात बसवायचं! पाहुण्यांचं स्वागत करता करता कमलताई एकापाशी थांबल्या. "अहो, मघाशी तुम्ही आमच्यात होतात ना? तिकडचं जेवण बरं आहे का?"

शॉट परत घ्यावा लागला.

*

चॅनलची शीतल दर आठवड्याला ग्राफ घेऊन येते. प्रेक्षक कुठल्या मिनिटाला दुसरीकडे गेले, ते त्यात दिसतं. एकदा म्हणाली, "सर, आत्या बोलायला लागली की ग्राफ पडतो."

मी आत्याची वाक्यं कापली. कमलताईंनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. "एवढंच? बरं झालं रे, पाठांतर वाचलं." मला फार वाईट वाटलं.

*

तरीही ग्राफ चढेना. म्हात्रे म्हणाला, "मारूया ना यार आत्याला. गावाला पाठवली तर परत आणावी लागते. हार घातलेला फोटो कसा, एकदाच खर्च!"

फोटो काढायच्या दिवशी कमलताई मेकअप रूममध्ये एकट्याच बसल्या होत्या. "दुसरीकडून कुणाचा फोन नाही रे," मला म्हणाल्या. "या वयात एकदा घरी बसलं की संपलं." मग उठल्या, पदर नीट केला आणि फोटोग्राफरला म्हणाल्या, "मी हसते हं. रडका फोटो रोज कोण बघेल?"

*

आणि ग्राफ चढला! नायिका त्या फोटोशी बोलायला लागली की प्रेक्षक हलेनात. शीतलने आकडे पुन्हा तपासून घेतले. "लोकांना आत्या हवीय, सर."

मेलेली आत्या आणायची कुठून? मी तिला एक जुळी बहीण लिहिली, मालवणात राहणारी. म्हात्रेने स्वतः कमलताईंना फोन केला.

त्यांचा पहिलाच शॉट म्हणजे बहिणीच्या फोटोला हार घालायचा. संवाद मुद्दामच दिला नव्हता, शीतलला धोका नको होता. कॅमेरा चालू झाला. कमलताईंनी हार घातला, हात फोटोवर तसाच ठेवला आणि हळूच म्हणाल्या,

"बाय माझे, तुझ्याच जीवार परत इलंय गो."