शेळ्यांचा रकाना

माझा नवरा गेला तेव्हा आमचा जिल्हा अजून परभणीच होता. निराधार बायांना सरकार महिन्याला मदत देतं, तिला गावात पगार म्हणतात. त्या पगारासाठी मी दोन वर्षं तहसीलला खेटे घातले. तलाठ्याचा दाखला आणला की दुसरा लागे, दुसरा आणला की पहिल्याची मुदत संपलेली. शेवटी कळलं, चौकशीला माणूस घरी येणार आणि दावणीला काय आहे ते बघणार.

माझ्याकडे चार शेळ्या होत्या. त्या मी आदल्या दिवशी धाकट्या जावेकडे अर्धलीनं बांधल्या. म्हणजे शेळ्या माझ्या, सांभाळणं तिचं, होतील ती पिल्लं निम्मी-निम्मी. आमच्यात याला कागद लागत नाही. चौकशीवाल्यापुढे मात्र जावेनं त्या आपल्याच म्हणून सांगितलं. मीच तसं पढवलं होतं.

पगार सुरू झाला, पण शेळ्या परत आणायची सोय राहिली नाही. कुणी चुगली केली की पगार बंद. माझी दावण रिकामी आणि तिचं अंगण भरलेलं. दर वेताला माझा जळफळाट होई. तिनं पिल्लांचा विषय काढला नाही, मीही विचारलं नाही. खरं सांगायचं तर नुसत्या शेळ्यांसाठी मी जळत नव्हते. तिचा नवरा जिवंत होता.

काही वर्षांनी दीरही गेला. मी रडले, मनापासून रडले. आणि रडतानाच मनात आलं, आता हिला कळेल तहसील म्हणजे काय असतं.

पण तोवर सरकारला शहाणपण सुचलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात शिबिर लागलं. तीन टेबलं, तलाठी तिथंच, सगळ्या योजनांना मिळून एकच अर्ज. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, सोबत चला, म्हणून जाऊ मला घेऊन गेली. मी सातवी शिकलेली, अर्ज मीच भरला. पुन्हा पुन्हा उलटून पाहिला. जनावरांचा रकानाच नव्हता. दुपारच्या चहाआधी तिचा अर्ज मंजुरीच्या गठ्ठ्यात गेला. माझी दोन वर्षं आणि तिची अर्धी दुपार! माझं डोकंच फिरलं.

"साहेब, हिच्या दारात बारा शेळ्या हाईत," मी कारकुनाला म्हणाले. "ते कुठं लिहायचं?"

व्हरांड्यातल्या बाया वळून बघायला लागल्या. जाऊ माझ्याकडे न बघता म्हणाली, "व्हय साहेब. त्यातल्या आठ आक्काच्या हाईत. चार पहिल्या अन् पिल्लांतल्या निम्म्या. त्यांचा पगार बंद पडंल म्हणून म्या सांभाळल्या. आता तुमी इचारत न्हाई, तर आजच देते."

नव्या अर्जात शेळ्या विचारत नाहीत, एवढंच कारकून म्हणाला आणि त्यानं पुढच्या बाईला बोलावलं.

दिवस मावळायच्या आत जावेनं आठ शेळ्या माझ्या दावणीला आणून बांधल्या, वर पाल्याचा भाराही टाकून गेली. मला लाज वाटली. पण मत्सर काही गेला नाही, उलट वाढला. चारचौघांत इतकं सरळ खरं बोलणं मला जन्मात जमलं नव्हतं, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

शेळ्या आठवडाभर तिच्या अंगणाकडे तोंड करून ओरडत राहिल्या.