रिमोटवाला मामा

माझा मामा टीव्ही दुरुस्त करतो. टीव्ही मरतात, पण त्यांचे रिमोट मामा मरू देत नाही. त्याच्या घरात पंखा एका रिमोटवर चालतो, दिवा दुसऱ्यावर, आणि कुठला कशाचा हे फक्त त्यालाच ठाऊक. मामी म्हणते, "एवढी बटणं दाबतात, पण भाजी आणायचं बटण यांना अजून सापडलेलं नाही."

आमच्या हौशी नाट्यमंडळाचे आवाजही कित्येक वर्षं मामाच देतो. आवाजाचा कॉम्प्युटर वरच्या खोलीत असतो. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मामाने एक लांब वायर खाली विंगेत सोडली, तिच्या टोकाला रिमोटचा इशारा पकडणारा डोळा बसवला आणि तिथेच ठाण मांडलं. रिमोटवर एक नंबर दाबला की वरच्या कॉम्प्युटरला वाटायचं, कुणीतरी कीबोर्डवर 'टी' दाबलं, आणि टेलिफोन वाजायचा. 'डी' म्हणजे दार, 'पी' म्हणजे पाऊस. तालमीत सगळं झकास झालं. मामाची कॉलर टाइट.

प्रयोगाला मात्र माशी शिंकली. पहिल्या अंकात फोन वाजतो, मी तो उचलते आणि भाऊ घर सोडून पळाल्याचं कळून मटकन खाली बसते, असा प्रसंग. मी फोनपाशी उभी, फोन ढिम्म. मी टेबल पुसलं. फुलदाणी इकडची तिकडे केली. नाटकात वडलांचं काम करणारे आमच्या मंडळाचे सेक्रेटरी विंगेकडे डोळे वटारून बघायला लागले. शेवटी मामाने तोंडानेच सुरू केलं, "ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग!" प्रेक्षक खो खो हसले. मी भावासाठी ऊर फुटेपर्यंत रडले, तरी हसतच होते.

मध्यंतरात सेक्रेटरी तरातरा आले. "मामा, पुढच्या प्रयोगाला तुम्ही पहिल्या रांगेत बसा, आरामात नाटक बघा. आवाजाचं मी दुसऱ्या कुणाला तरी सांगतो."

"आणि आजचा दुसरा अंक?"

"आता ऐनवेळी कोण मिळणार? रेटा कसातरी."

मामाचा चेहरा एवढासा झाला. मला सेक्रेटरींचा भयंकर राग आला, पण बोलून उपयोग नव्हता. मी धावत वर गेले.

"कीबोर्ड मराठीवर आहे का बघ गं," मामा खालून ओरडला. होता. दुपारी कठड्याला धरून वर चढून त्यानेच पडद्यावर दाखवायची स्वागताची पाटी टाइप केली होती आणि कीबोर्ड तसाच सोडला होता. रिमोट इमानेइतबारे तीच कळ दाबत होता, पण आता तिच्यातून मराठी अक्षर उमटत होतं, आणि आवाजाच्या प्रोग्रॅमला ते ओळखू येत नव्हतं.

"म्हणजे शेण मीच खाल्लं!"

"इंग्रजीवर आणू परत?"

"नको, उद्या कुणी फ्रेंचवर नेऊन ठेवेल. सगळ्यात वरची ओळ घे, एफ-वन, एफ-टू. त्या कळांना भाषाच नसते."

मी रिमोटच्या नंबरांना आणि आवाजांना एकेक नवी कळ देत गेले, तो खालून दाबून बघत गेला. चहा पिणाऱ्या प्रेक्षकांनी फोन, दार आणि पाऊस असं सगळं फुकटात ऐकलं.

दुसऱ्या अंकात एकही आवाज चुकला नाही. शेवटी वडलांचं मोठं भाषण होतं. "ज्या मुलाला मी..." इथपर्यंत सेक्रेटरी आले आणि थांबले. पुढचं पार विसरले. आमच्याकडे प्रॉम्प्टर नसतो. सेक्रेटरींना तो कमीपणा वाटतो. त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला.

इतक्यात फोन वाजला. नाटकात तिथे फोनच नाही! सेक्रेटरींनी झडप घालून तो उचलला. फोनचं टेबल मामाच्या विंगेला लागूनच होतं. मामा खुर्चीतून पुढे वाकून हळूच वाक्य सांगत होता. ऐकून ऐकून त्याला अख्खं नाटक पाठ. सेक्रेटरी "हं... हं..." करत राहिले, फोन ठेवला, वळले आणि भाषण असं बोलले की पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले.

पडदा पडताच ते थेट विंगेत आले. "तो फोन कुठून आला?"

मामाने मान खाली घातली. "चुकून दाबलं गेलं."

सेक्रेटरींनी कपाळावरचा घाम पुसला.

"पुढच्या प्रयोगातही तिथेच चुका, मामा," ते म्हणाले.