लाल नळाचं थंड पाणी

"सही कर आणि मोकळी हो," असं म्हणून कुलकर्णी सरांनी रिपोर्ट माझ्यासमोर सरकवला.

तो रिपोर्ट खरं तर मी लिहायचा होता. त्यांनी आयता लिहून आणला होता. आमचे ऑपरेशन्स मॅनेजर स्वतः टायपिंगचे कष्ट घेतात तेव्हा कुणाची तरी नोकरी जाणार असते.

रिपोर्टात कामाचं वाक्य एकच होतं. माळ्याने झाडाला गीझरचं गरम पाणी घातलं, म्हणून झाड करपलं. सोबत पुराव्याचा फोटो. स्टाफच्या बाथरूममधला लाल खुणेचा नळ, खाली बादली, आणि बादली धरून उभे आमचे माळी मन्सूरचाचा.

मी कतारमध्ये एका लँडस्केप कंपनीत ॲग्रोनॉमिस्ट आहे. कुठलं झाड कुठे जगेल हे मी सांगायचं. कुणी ऐकलं नाही, की ते का मेलं हेही मीच सांगायचं. दुसरं काम जास्त असतं.

करपलेलं झाड हॉर्स चेस्टनटचं होतं. युरोपातल्या बागांमध्ये हे शोभेसाठी लावतात. एका देठावर पंजासारखी पाच-सात पानं आणि वसंतात पांढऱ्या फुलांचे उभे तुरे. दिसायला देखणं, पण त्याला थंडी लागते, गोडं पाणी लागतं आणि थोडी आंबट माती लागते. कतारमध्ये यातलं काय मिळतं ते तुम्हीच ठरवा.

दोहाबाहेरच्या एका व्हिलाच्या मालकांना ते हवं होतं. बाग एवढी मोठी की माळी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सायकलने जातात. मालकांना सगळे बू नासर म्हणत, म्हणजे नासरचे वडील. इथे मोठ्या माणसाला मुलाच्या नावाने हाक मारायची पद्धत आहे. युरोपात सुट्टीवर असताना ते अशा झाडाखाली बसून कॉफी प्यायले होते. तीच सावली त्यांना घरी हवी होती. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. हवंसं वाटणं हा गिऱ्हाइकाचा हक्कच आहे. नाही म्हणणं आमचं काम होतं. पण आमच्या ऑफिसात 'नाही' हा शब्द फक्त रजेच्या अर्जासाठी राखून ठेवलेला आहे.

जानेवारीत झाड थंड कंटेनरमधून आलं. चार मीटर उंच, पान एक नाही, मुळांचा मातीसकट गोळा गोणपाटात बांधलेला. मार्चमध्ये पानं फुटली, तुरे आले. बू नासर खूश झाले. कुलकर्णी सरांनी कंपनीच्या ग्रुपवर फोटो टाकून खाली 'इम्पॉसिबल इज नथिंग' लिहिलं. खरी गोष्ट साधी होती. झाडाची थंडीतली झोप तिकडेच पूर्ण झाली होती, कळ्या तिकडेच तयार झाल्या होत्या. पहिला वसंत ते सामानात घेऊन आलं होतं. दुसरा इथे मिळणार नव्हता.

मन्सूरचाचांना हे बघताक्षणी कळलं होतं. ते रायगडातल्या म्हसळ्याकडचे. एकोणीस वर्षं कतारमध्ये माळीकाम. झाड क्रेनवरून उतरत असतानाच ते मला म्हणाले होते, "बाय, ह्याला परत पाठव. हितं ह्याचा जीव जायचा."

मी हसले होते. तेव्हा कंपनीत येऊन मला दोन महिने झाले होते.

मेमध्ये पानांच्या कडा तपकिरी झाल्या. जून लागला तेव्हा अर्धं झाड भाजलेल्या पापडासारखं दिसत होतं. तेवढ्यात व्हिलाचा नवा हाउस मॅनेजर एलियास याने तो फोटो काढला. तो युरोपातून नुकताच आला होता. लाल नळ म्हणजे गरम पाणी, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने फोटो कुलकर्णी सरांना पाठवला आणि दोष द्यायला सरांना हवा तो माणूस मिळाला. माळी बदलला की काँट्रॅक्ट शाबूत. चाचांचा व्हिसा कॅन्सल, आठवड्याभरात विमान. त्यांच्या धाकटीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष बाकी होतं.

मी म्हटलं, "सर, मी आधी चाचांना विचारते."

"काय विचारणार? फोटो आहे ना."

"फोटोत नळ आहे. पाणी गरम आहे हे कुठे दिसतंय?"

"तू ना, प्रत्येक गोष्टीचा मोर्चा करू नकोस," सर म्हणाले. माझे बाबा नाशिकला कामगारांची पत्रकं लिहायचे, हे मी इंटरव्ह्यूत बोलून गेले होते. तरी मला नोकरी दिली, याचा सरांना कायमचा पश्चात्ताप आहे.

मी व्हिलावर गेले. चाचा झाडाच्या आळ्यातलं गवत काढत होते. मी विचारलं तसे ते माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले, जणू मी चहा कशात पितात असं विचारलं होतं.

"बाय, तू आंघोळ कुठच्या नळाखाली करतेस?"

मग माझी ट्यूब पेटली. कतारमध्ये उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंड नळाखाली हात धरवत नाही. म्हणून लोक मेपासून गीझर बंद करतात. गीझर आत, एसीच्या गारव्यात असतो. त्यात साठलेलं पाणी निवतं. चार-पाच महिने लाल नळाला थंड पाणी आणि निळ्या नळाला गरम. दोहातल्या फरीज बिन ओमरान वस्तीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये मीही रोज हेच करते. तरी फोटो बघताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

बागेचं पाणी काळ्या पाइपातून, उन्हातून यायचं. गरम तर होतंच, वर खारट. चाचांनी ते बंद केलं होतं. गीझर एकदा रिकामा केला की पुन्हा निवायला वेळ लागतो, म्हणून स्टाफच्या पाच खोल्यांतल्या गीझरच्या पाळ्या लावल्या होत्या. ड्रायव्हर, दोन आचारी, वॉचमन सगळे तयार झाले होते. झाड गार पाणी पीत होतं आणि ही माणसं टाकीच्या कढत पाण्याने अंग धूत होती. ही गोष्ट कुणाच्याच रिपोर्टात नव्हती.

मी सरांना फोन करून सांगितलं की सही करीन, पण बू नासरांच्या समोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टाफच्या त्या एवढ्याशा बाथरूममध्ये बू नासर, एलियास, कुलकर्णी सर आणि मी असे दाटीवाटीने उभे राहिलो. चाचा दाराबाहेर थांबले. मी मातीचं तापमान मोजायचा थर्मामीटर काढला. निळा नळ, चव्वेचाळीस. लाल नळ, सव्वीस. एलियासचा विश्वास बसेना. त्याने निळ्या नळाखाली हात धरला आणि झटकन मागे घेतला.

बू नासर हसले. मुख्य घरात टाकीला पाणी गार करणारा चिलर आहे, त्यामुळे ते हे विसरून गेले होते. लहानपणी आपल्या आईच्या घरी हेच करत असत, असं त्यांनी इंग्रजीत सांगितलं. मग हसू थांबवून माझ्याकडे वळले. "पाणी बरोबर होतं, तर झाड का मरतंय?"

सर माझ्याकडे बघत होते.

"कारण ते इथे लावायला नको होतं," मी म्हणाले. "या पाण्याने ते महिनाभर जास्त जगलं, एवढंच."

"हे तुमच्या कंपनीने मला झाड मागवण्याआधी का नाही सांगितलं?"

उत्तर या बागेसाठी मागवायच्या झाडांच्या यादीवर होतं. खाली 'अप्रूव्ड' पुढे कुलकर्णी सरांची सही. आणि 'चेक्ड' पुढे माझी. तेव्हा जेमतेम दोन आठवड्यांची नोकरी, नवा बॉस, समोर कागद. मी केली होती सही. मीच ते सांगून टाकलं. पत्रकं वाचून मोठं झाल्याने माणूस आपोआप सरळ होत नाही, हे त्या बाथरूममध्ये मला चांगलंच कळलं.

रिपोर्ट मी नव्याने लिहिला. दोन्ही सह्या त्यात नावानिशी घातल्या. मला वॉर्निंग लेटर आलं, विषय 'टीम स्पिरिट'. सरांना काही आलं नाही.

झाड ऑगस्टमध्ये काढलं. त्या जागी इथलंच सिद्राचं लावलं, आपल्या बोरीच्या जातीतलं. ते खारं पाणीही चालवून घेतं. चाचा त्याच बागेत आहेत. धाकटी परीक्षा देऊन मोकळी झाली. एलियास आता लाल नळाखाली आंघोळ करतो.

झाड मेलं की सगळे विचारतात, पाणी कोण घालत होतं. मी आता आधी विचारते, लावायचं कुणी ठरवलं. आणि यादीवर सही करण्यापूर्वी चाचांना फोन करते.