कोरडा चावा

सक्करदऱ्यातल्या माझ्या खोलीत एकच माणूस येत असे, वर राहणाऱ्या घरमालकीण काकू. संध्याकाळी भाजीची वाटी घेऊन यायच्या आणि मी जेवेपर्यंत उंबऱ्यावर बसून गल्लीची खबर सांगायच्या.

व्हरांड्यात पत्रकांचा जुना गठ्ठा उचलताना मला कोळी चावला. तळहाताएवढा, केसाळ, टॅरंटुलाच. बोटावर दोन लाल टिंबं उठली. माझं ओरडणं ऐकून काकू खाली आल्या. माझा हात त्यांनी मांडीवर घेतला आणि कडुलिंबाची डहाळी फिरवत काहीतरी पुटपुटू लागल्या. मांत्रिकांविरुद्धची वडिलांची पत्रकं भिंतींना चिकटवत मी मोठी झाले. तरी हात काढून घेतला नाही.

मग दोघी ऑटोनं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, तासभर बसवून ठेवलं. सूज चढली नाही, हातापायांत गोळे आले नाहीत.

"हा कोळी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही," ते म्हणाले. "घाबरून चावला तर कधी नुसते दात लागतात. तुमच्या अंगात थोडं गेलं की गेलंच नाही, हे सांगता येत नाही."

काकूंनी गल्लीभर सांगितलं की विष त्यांनीच उतरवलं. मला राहवेना. रविवारी मी पत्रक छापून घरोघर टाकलं: 'चावा कोरडा होता. विषच नव्हतं, तर मंत्रानं उतरवलं काय?' काकूंचं नाव घातलं नव्हतं. गल्लीला त्याची गरज नव्हती.

संध्याकाळी काकू आल्या. हातात वाटीऐवजी पत्रक होतं.

"सुनेनं वाचून दाखवलं. माह्यावरच लिहिलं ना वं?"

"विचारावर लिहिलंय, काकू."

"विचार आला होता काय डहाळी घेऊन तुह्यापाशी?"

"पण विष नव्हतंच."

"डॉक्टर तर म्हणे सांगता येत नाही. मीबी होती तिथं. अन् नव्हतं, तर काहून रडून राहिली होती?"

त्या वर गेल्या. वाटी येणं थांबलं. जिन्यात भेटल्या तर पदर सावरून बाजूला होतात. मी खोलीत जेवते, तेव्हा फक्त पंख्याचा आवाज असतो.

मंत्रानं विष उतरत नाही, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर म्हणेन. पण 'विषच नव्हतं' हे मला माहीत नव्हतं. वाक्य जोरदार व्हावं म्हणून मी ते ठोकून दिलं होतं. वडिलांनी ते खोडलं असतं.

काल एकच पत्रक हातानं लिहिलं. 'चाव्यात विष होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मंत्रावर माझा विश्वास नाही. मी फार भ्याले होते, आणि काकूंनी हात धरला होता म्हणून तिथं बसू शकले.' वर जाऊन ते दाराखालून सरकवलं आणि खोलीत परतले.

थोड्या वेळानं वरून सुनेचा वाचण्याचा आवाज आला. मग काकूंचा आवाज, "परत वाच."

खाली कुणी आलं नाही. मी दार मात्र उघडंच ठेवलं.