शिंप्याच्या वहीतली आडनावं

हायडेलबर्गच्या कोर्टाजवळचा आमचा तुर्की शिंपी प्रत्येक माप दोनदा घेतो आणि दोन्ही वेळा आकडा पुटपुटतो. वकिलांचे काळे झगे बेतून देणं हे त्याचं मुख्य काम. मी पडद्यांच्या मापांची यादी नेते, ती तो टाचणीनं भिंतीला लावतो. मीही यादीशिवाय कुठलंच काम करत नाही, म्हणून आमचं जमतं.

परवा लेक बरोबर होती. तिचा लॉचा अर्ज आठवडाभर भरून तयार होता, पण ती पाठवत नव्हती. "आपल्यासारख्या आडनावांना कोण घेतंय, आई?" ती जर्मनमध्ये कुरकुरली.

शिंप्यानं ऐकलं. "आल्झो," म्हणजे 'बरं तर', म्हणत त्यानं झग्यांच्या मापांची वही तिच्यापुढे सरकवली. "वाच."

सुरुवातीची पानं सगळी जर्मन आडनावांची. मग एक तुर्की, पुढे एक इराणी, एक व्हिएतनामी. शेवटच्या पानांवर तर दर दोन ओळींआड असं एखादं आडनाव.

"आमचं एकही नाही," लेक म्हणाली.

त्यानं तिच्या बाहीचं माप घेतलं, दोनदा, आणि आडनाव विचारून लिहिलं. "आता आहे."

"अहो, झगा लागायला अजून कितीतरी वर्षं आहेत!" मी हसले.

"वही जाड आहे," तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये तिनं अर्ज पाठवला. माझ्या कामांच्या यादीत 'लेकीचा अर्ज' या ओळीपुढे बरोबरची खूणही तिनंच केली.