टंगस्टनच्या ठोकळ्यातली हवा

हे मी आजवर घरात बोललो नाही. आता लिहूनच टाकतो.

सांगलीजवळच्या एका छोट्या कारखान्यात मी तपासणीला आहे. आम्ही टंगस्टनच्या मिश्रधातूचे ठोकळे करतो. धुण्याच्या साबणाच्या वडीएवढा ठोकळा. नवखा माणूस दोन बोटांनी उचलायला जातो आणि बोटं नुसती निसटतात. लोखंडाच्या दुपटीहून जड, शिसंही त्याच्यापुढे हलकं. दवाखान्यातल्या यंत्रांत किरणं अडवायला जागा थोडी असते, तिथे हाच लागतो. असलं काही आपल्या सांगलीत होतं, हे मी पाहुण्यांना छाती काढून सांगतो.

टंगस्टन सरळ वितळवायला गेलं तर भांडंच आधी वितळेल. म्हणून त्याच्या भुकटीत थोडं निकेल आणि लोखंड मिसळून दाबायचं. भट्टीत ते दोन्ही वितळतात आणि टंगस्टनचे कण धरून ठेवतात. ठोकळा आक्रसून घट्ट होतो. भट्टीचा ताव कमी पडला तर आत पोकळ्या राहतात, जास्त झाला तर ठोकळा बुडाशी फुगून बसतो. हा ताव नेमका साधायचं काम आमच्या भट्टीवाल्या दादांचं. उंब्रजकडचे, फौजेतून निवृत्त, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. भट्टीजवळ कुणी गप्पा मारायला लागलं तर म्हणायचे, "गड्या, हिकडं बोलायचं न्हाई. भात शिजतोय."

आत पोकळी राहिली का, ते मी बघायचो. ठोकळा आधी हवेत तोलायचा, मग बारीक दोऱ्याला टांगून पाण्यात. दोन्ही आकड्यांतून घनता निघते. साडेसतराच्या वर असली की पास. दादांचा माल कायम सतरा पॉइंट सहा.

मग एका नव्या गिऱ्हाइकानं ठोकळ्याला एका बाजूनं पेन्सिलीएवढं भोक मागितलं, आरपार नव्हे, अर्ध्यावर थांबणारं. आणि घनता भोक पाडल्यावर मोजायची. पहिले सहा ठोकळे मी तोलले. सहाही सतरा पॉइंट चार.

दादा म्हणाले, "आवं सायेब, पुन्यांदा तोला की. माझा ताव चुकलेला न्हाई."

मी पुन्हा तोलले. तेच आकडे.

"काटा खोटं बोलत नाही, दादा," मी म्हणालो. सगळ्यांसमोर, आणि जरा हसून. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

मालकांनी भट्टी दुसऱ्याकडे दिली आणि दादांना पॅकिंगला बसवलं.

आठवड्यानं नव्या भट्टीवाल्याचा पहिला ठोकळा पाण्यात सोडताना दोरा सरकला, ठोकळा कलंडला आणि भोकातून एक मोठा बुडबुडा वर आला. मी नेहमी भोक खाली ठेवून टांगायचो, कारण तसा दोरा नीट बसायचा. भोकात हवा अडकत होती. पाणी ती जागाही ठोकळ्याचीच धरत होतं, आणि एका ग्रॅमच्या फरकानं माल नापास होत होता. नापास म्हणून कपाटात ठेवलेले दादांचे सहाही ठोकळे मी काढून, कलते धरून तोलले. सहाही सतरा पॉइंट सहा.

ते मी परत कपाटात ठेवले. त्यानंतर प्रत्येक ठोकळा कलता करून, हवा काढूनच तोलला. आकडे सुधारले आणि सगळे म्हणाले, नव्या माणसाचा हात चांगला आहे. मी मान डोलावली. महिनाभरानं दादांनी नोकरी सोडली.

याला तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात मालक एका पाहुण्याला सांगत होते, "आधीचा भट्टीवाला कच्चा होता." मी तिथंच उभा होतो. दुसऱ्या दिवशी रजा टाकून उंब्रज गाठलं.

दादा उसाला पाणी देत होते. मी बांधावर उभं राहूनच सगळं सांगितलं. त्यांनी खोरं खाली ठेवलं.

"सहाच्या सहा?"

"सहाच्या सहा, दादा."

"कवापास्नं ठावं हाय तुला?" ‘सायेब’ गेला होता, ‘तू’ आला होता.

"आठवड्यानंच कळलं होतं."

"आन् तीन वरसं गिळून बसलास. मला न्हाई सांगायचं. मला ठावंच हुतं. तितं सांग, समद्यांम्होरं. मी येतो."

आणि ते खरंच आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मी मालकांना काय ते सांगितलं आणि सगळ्यांना काट्याभोवती बोलावलं. पहिला ठोकळा भोक खाली ठेवून टांगला : सतरा पॉइंट चार. मग तोच कलता केला. बुडबुडा वर आला. घनता काढली आणि कागद दादांपुढे धरला.

"सतरा पॉइंट सहा," त्यांनी मोठ्यानं वाचलं.

मालक म्हणाले, "पटलं दादा, राहू द्या आता."

"ऱ्हाऊ द्या कसं? पाच हायती अजून."

सहाही तोलले. सहाही आकडे त्यांनी वाचले, परेडवर हजेरी घ्यावी तसे. नवा भट्टीवाला पुढं झाला आणि म्हणाला, "दादा, माझा ठोकळा कधीमधी बुडाशी फुगतो. तुमी काय करायचा?"

दादा त्याच्याबरोबर भट्टीकडे गेले आणि तासभर तिथंच होते. माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत, जातानाही नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. मालकांनी तपासणीचं काम माझ्याकडून काढलं नाही, पण आता दुसरा माणूस शेजारी उभा राहून आकडा बघतो. ते बरंच आहे.

ते सहा ठोकळे गिऱ्हाइकाकडे गेले. सोबतच्या तपासणीच्या कागदावर भट्टीवाल्याच्या रकान्यात दादांचं नाव मी स्वतः लिहिलं. लिहिताना ऊर भरून आला होता. माझ्यासाठी नव्हे. तीन वर्षं कपाटात पडूनही त्या मालात काडीचा फरक नव्हता.